पंचमीची भरती

पाण्यातलं आमच्या घरात कोणाला कळत असेल तर ते मला, असं मी वीस वर्षं छातीठोकपणे सांगत आले. वाशिमकडच्या कारंज्यापासून चार किलोमीटरवर आमचं भाजीपाल्याचं शेत आहे. वांगी, मेथी, सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर, कोबी. कालव्याची पाळी आली की दांड, म्हणजे पाण्याचा पाट, कुठे फोडायचा, कोणत्या वाफ्याला आधी पाणी द्यायचं, कोणत्या सरीचं तोंड बुजवायचं, हे सगळं मी ठरवते. आमचे हे फावडं घेऊन उभे राहतात आणि मी बोट दाखवीन तिथली माती ओढतात. त्यांना विचाराल तर ते म्हणतील की सगळं तेच करतात. म्हणू द्या बिचाऱ्यांना.

आमच्याकडे पाणी आपोआप येत नाही. ते कोणीतरी सोडलेलं असतं आणि कोणीतरी बंद करणार असतं. कालव्याला अवचित पाणी दिसलं की आम्ही पहिला प्रश्न विचारतो, कोणाची पाळी आहे? पाळी संपली की पाणी उतरतं. तोवर बांधावर बसून राहायचं, शिदोरी सोडायची, शेजारणीशी दोन गोष्टी करायच्या. यात घाबरण्यासारखं काही नसतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जो गोंधळ झाला तो यातूनच झाला.

पोरगी अकोल्याला नर्सिंग शिकली. शिकली तोवर ठीक होतं, दर शनिवारी एसटीनं घरी यायची. मग तिनं मोबाइलवरून कुठेकुठे अर्ज भरले आणि तिला नोकरी लागली ती थेट कोकणात, समुद्राच्या काठच्या एका गावातल्या दवाखान्यात. ऐकलं आणि माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

"वाशिमले दवाखाने नाईत? अकोल्याले नाईत? अमरावती काय वाहून गेली?"

"अठी घेऊन नाई राह्यले आई. तठी घेऊन राह्यले. राह्याले खोली देतात."

कागद असा होता की ठरलेल्या दिवशी दुपारी दोन वाजता सगळ्या अस्सल प्रमाणपत्रांसकट हजर व्हायचं. नाही झाली तर यादीतल्या पुढच्या मुलीला जागा. पोरीनं तो कागद मला तीनदा वाचून दाखवला. तिच्या बापानं एकदा ऐकला आणि म्हणाले, जाऊ दे तिले. मी म्हटलं, "मी येतो संगं. जागा पाहातो. मले पटलं तर ठेवतो, नाई तर बॅग उचलून परत." घरात माझा शब्द खाली पडत नाही, हे पोरीला चांगलं माहीत होतं. मानेनं हो म्हणाली आणि बॅग भरायला गेली.

खरं सांगायचं तर मला पटणार नव्हतं. मी न पाहताच ठरवून टाकलं होतं.

निघताना सासूबाई दारात चप्पल घालून उभ्या. वय सत्तरच्या पुढे, गुडघे कुरकुरतात, पण चाळीस वर्षं बाजारात भाजी विकलेली बाई. आवाज अजून तसाच.

"मी येतो."

"तुमी कायले? दोन दिवसाचा प्रवास आहे."

"समुद्र पाहाचा हाय. का मेल्यावर दाखवतं मले?"

ह्यांच्यासकट आम्हा तिघांची तिकिटं आधीच काढलेली होती. ट्रॅव्हल्सचं चौथं तिकीट काढलं. ह्यांनी वांग्यांची एक पिशवी सोबत घेतली, दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टरसाठी. म्हटलं, अहो, नोकरीला वांगी? तर म्हणाले, रिकाम्या हातानं कसं जायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता आम्ही त्या गावात उतरलो तेव्हा अंगातली हाडं मोजून घ्यावी अशी अवस्था झाली होती. दवाखान्याच्या गेटवरच्या माणसानं सांगितलं, ऑफिस दोनलाच, आधी नाही. मध्ये सहा तास. समोरच्या चहाच्या टपरीवर बॅग ठेवली. प्रमाणपत्रांची फाईल मात्र मी काखेतच धरली. अस्सल कागद मी टपरीवाल्याकडे ठेवीन का? दहावीपासूनचं सगळं त्यात होतं, पोरीची पाच वर्षं आणि आमच्या किती हंगामांची वांगी.

टपरीच्या मागून चार पावलं गेलो आणि समुद्र समोर आला. मी तयारीनं आले होते, की काय असणार, मोठं धरण असणार. तसं नव्हतं. धरणाला पलीकडचा काठ असतो. इथे नजर जाते आणि तिला टेकायला काही सापडत नाही. सासूबाई पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मा माय वं, एवढं पाणी, अन् कोणाच्या कामाचं नाई!" ह्यांनी ओंजळीत घेऊन चाखलं आणि थुंकलं. पोरगी हसायला लागली. कितीतरी दिवसांनी ती माझ्यासमोर अशी हसली होती.

किनाऱ्यापासून थोडं आत एक बेट होतं. लहानसं, माथ्यावर नारळाची झाडं, पुढे पांढऱ्या वाळूचा पट्टा. तिथवर ओली वाळू आणि काळे खडक उघडे पडलेले, मधे कुठे घोटाभर पाणी. दोन-चार माणसं पायी जाऊन परत येत होती. बेटावर जायचं कोणाच्याच मनात नव्हतं. बोलून मीच बसले, "चला, जाऊन येऊ."

"आता?" ह्यांनी विचारलं.

"मंग कधी? सहा तास टपरीवर माशा मारत बसू का?"

तोंडानं मी हे बोलले. मनात एवढंच होतं, पोरीबरोबर अजून थोडा वेळ काढावा. टपरीवाला म्हणाला, "जाता येतं की, पण लवकर फिरा हां." टपरीवाले असं बोलतातच, मी कानाआड केलं. तिथे भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यात तिथी पाहिली. पंचमी.

"भरतीबिरतीचं काही?" ह्यांनी हळूच विचारलं.

"भरती पुनवेले नाई तर अमावस्येले येते," मी म्हटलं. "आज पंचमी हाय. बिनघोर चला."

"आई, भरती रोज येते," पोरगी म्हणाली. "दिवसातून दोनदा."

"रोज? अन् दोनदा? मंग ह्या लोकांच्या घरात पाणी नाई शिरत का रोज?"

पोरगी आजीचा हात धरायला वळली. आज तिला माझी मर्जी राखायची होती. एरवी माझ्याशी तासभर भांडली असती. ते भांडण तिनं त्या दिवशी केलं असतं तर बरं झालं असतं.

साडेनऊला निघालो. सासूबाईंचा एक हात पोरीच्या खांद्यावर, एक ह्यांच्या. ह्यांच्या दुसऱ्या हातात वांग्यांची पिशवी, कारण तीही टपरीवर ठेवायला त्यांचा जीव होईना. माझ्या काखेत फाईल. खडकांवरून, डबकी चुकवत, दहाच्या आत बेटावर पोचलो. आणि मग काय मजा आली ते मी कबूल करते. वाळू इतकी मऊ की सासूबाईंनी चपला काढल्या त्या घातल्याच नाहीत. जानेवारी महिना, आमच्याकडे पहाटे शेकोटी लागते, आणि इथे ऊन अंगावर छान ऊबदार. नारळाच्या सावलीत शिदोरी सोडली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणच्याची फोड. सासूबाई पाण्याच्या कडेला फतकल मारून बसल्या आणि लाट आली की लहान पोरीसारख्या ओरडायच्या, "आली वं आली!" साडी भिजली, तरी उठायला तयार नाहीत.

आम्ही तिघं जेवून वाळूत बसलो. ह्यांना मोकळे हात घेऊन बसता येत नाही. त्यांनी वाळू उकरायला सुरुवात केली. मी पाहत होते. बघता बघता त्यांनी वाळूत सऱ्या पाडल्या, चार वाफे बांधले, आणि समुद्राच्या बाजूनं एक दांड आणला.

"इकडून उतार नाई," मी म्हटलं. "दांड तिकून घ्या."

"उतार हाय."

"मी सांगून राह्यलो ना!"

मग मीही खाली बसले आणि पोरगीही. दुसरे लोक वाळूत किल्ले करतात म्हणे. आम्ही वांग्याचा मळा केला. पोरीनं शंख आणून प्रत्येक वाफ्यात ओळीनं रोवले, रोपांसारखे. बापानं दांडाचं तोंड वाळूनं बुजवलं, म्हणाले, पाळी आली की फोडू. आम्ही तिघंही खूप हसलो. पोरगी लहान असताना शेतात अशीच माझ्या मागे मागे फिरायची, मी ओलीत करायला लागले की चिखलात पाय घालून उभी राहायची. ते आठवलं. मी दुसरीकडे पाहिलं.

तेवढ्यात हे म्हणाले, "अरे, पाणी कोणी सोडलं?"

आमच्या दांडात पाणी आलं होतं. तोंड तर बुजलेलं होतं, पाणी त्या वाळूवरूनच आत उतरत होतं. एका वाफ्यात भरलं, मग दुसऱ्यात. शंखांची रोपं आडवी झाली. मी मागे वळून पाहिलं. ज्या खडकांवरून आलो होतो त्यांतले निम्मे दिसत नव्हते. मधल्या घोटाभर पाण्याची आता रुंद धार झाली होती आणि ती बाजूनं आत येत होती.

"वरून सोडलं असन कोणी," हे म्हणाले. "मोठी नदी असन इकडं कोठी तरी, तिच्या धरणाचं."

"असन," मी म्हटलं. "दीड-दोन तासात बंद होईन. बसा."

आणि आम्ही बसलो! आज सांगताना माझं मलाच हसू येतं. वाशिम जिल्ह्यातली दोन धडधाकट माणसं समुद्राच्या मधोमध बसून वाट पाहत होती की कोणाची तरी पाळी संपेल आणि गेट बंद होईल. ह्यांनी तर चुना-तंबाखू काढली.

"आई, बाबा, उठा!" पोरगी उभी राहिली होती. "ही भरती हाय. हे बंद नाई होत."

"पंचमीले नाई येत," मी म्हटलं.

ती आजीला उठवायला पळाली.

बेटाच्या मागच्या खडकांवरून एक बाई आली. माझ्याच वयाची, साडीचा काष्टा, कमरेला टोपली, हातात लोखंडी आकडा. शिंपल्यांसारखी खडकाला चिकटलेली कालवं फोडून गोळा करायचं तिचं काम. आम्हाला पाहून ती थबकली.

"अगो बाय, तुम्ही अजून इथं? उठा, उठा. पाणी भरतंय. आता नाही निघालात तर रात्री साडेआठपर्यंत इथंच."

"पण आज तर पंचमी हाय," मी म्हटलं.

"हां, पंचमी. म्हणून तर पावणेचारला पूर्ण भरती. तिथीची पाऊणपट करायची. आमच्यात पोरंटोरं करतात हिशोब."

मागून सासूबाईंचा आवाज आला. त्या लाटेतून उठून आल्या होत्या, साडी पिळत. आसेगावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकल्या, पण पाऊणकी त्यांना पक्की झाली ती बाजारात, पाऊण किलोच्या मापानं. त्या तिथेच मोठ्यानं म्हणायला लागल्या.

"एक पाऊण पाऊण. दोन पाऊणे दीड. तीन पाऊणे सव्वादोन. चार पाऊणे तीन. पाच पाऊणे पावणेचार! बराबर हाय वं इचं! पाच पाऊणे पावणेचार!"

कालवंवाली खुश झाली. "आजीला येतंय की!"

"मले येते. ह्या शहाणीले नाई येत," सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "इचं पुनव अन् अमावस्या."

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं आहे. पुढचं मी आजवर कोणाला सांगितलं नाही.

आता सगळं स्पष्ट झालं होतं. गेट नव्हतं, पाळी नव्हती, पाणी उतरणार नव्हतं. निघायचं ते याच क्षणाला, नाही तर रात्री. आणि रात्री म्हणजे दोन वाजून गेलेले, यादीतल्या पुढच्या मुलीला जागा गेलेली. मला काही ठरवायला नको, नाही म्हणायला नको, पोरीचा राग अंगावर घ्यायला नको. समुद्रानंच नाही म्हटलं, मी काय करू? नुसतं बसून राहायचं होतं. मला तेव्हा बरं वाटलं. लाज वाटते, पण वाटलं. सगळे उभे राहिले आणि मी काही उठले नाही.

"उठ ना वं," हे म्हणाले.

"माहे पाय दुखून राह्यले," मी म्हटलं. "आईच्या गुडघ्याचंही पाहा. एवढ्या पाण्यातून कसं नेता त्यायले? राहू अठीच. काय बिघडते?"

"माह्या गुडघ्यावर नको ढकलू," सासूबाई म्हणाल्या.

कालवंवालीनं टोपली डोक्यावर घेतली. "मी निघाले. यायचं तर माझ्या पाठी या."

पोरगी माझ्यासमोर येऊन उकिडवी बसली. तिनं आवाज चढवला नाही.

"आई, तुले मी जाऊ नाई असं वाटते ना?"

"हो," मी म्हटलं. "वाटते."

"मंग तसं सांग. पाण्याच्या आड नको लपू. तू सांगशीन तर मी परत येतो घरी. पण समुद्रात अडकलो म्हणून नोकरी गेली, असं नको करू माह्यासंगं."

मला थोबाडीत बसल्यासारखं झालं. आयुष्यभर मी कुणाच्या आडून बोलले नाही. नवऱ्याला, सासूला, भावांना, कालव्यावरच्या माणसाला, सगळ्यांना तोंडावर बोलले. आणि वीस वर्षांच्या पोरीशी मला पाण्याच्या आडून बोलावं लागत होतं. मी उठले. साडीचा काष्टा मारला. फाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर गाठ मारली आणि डोक्यावर धरली.

"चला," मी म्हटलं.

पुढे कालवंवाली, तिच्या हाताला धरून सासूबाई, मागे हे, वांग्यांची पिशवी खांद्यावर. मग पोरगी. शेवटी मी. कालवंवाली सांगत होती, वाळूवर पाय देऊ नका, तिथं खड्डे आहेत, खडकावरूनच चला. पाणी आधी गुडघ्याला, मग मांड्यांना, मग कमरेला लागलं. ते कालव्याच्या पाण्यासारखं एका दिशेनं वाहत नव्हतं. ढकलायचं आणि ओढायचं, दोन्ही. मला त्याचा अंदाजच येईना. पुढे सासूबाई "पाच पाऊणे पावणेचार, सहा पाऊणे साडेचार" असं म्हणत चालल्या होत्या, दुसरे लोक रामरक्षा म्हणतात तसं.

मध्यावर एक लाट आली आणि माझा पाय शेवाळावरून सटकला. पाणी डोळ्यांवरून गेलं. तोंडात खारट पाणी, कानात आवाज, खाली जमीन नाही. पोहायला मला येत नाही. जीव जातो की काय असं वाटलं, आणि तेवढ्यात पोरीचा हात दंडाला लागला. तिनं मला वर ओढलं. मी खोकत होते, डोळे उघडत नव्हते.

"आई, फाईल खाली घे आता," ती म्हणाली. "तू वरच धरून राह्यली."

माझे दोन्ही हात सरळ वर होते. मी पूर्ण बुडाले होते आणि फाईल कोरडी होती. एक हात खाली आणून खडक धरला असता तर मी बुडालेही नसते. ते मला सुचलंच नाही.

पोरीनं फाईल घेतली नाही. फक्त माझा दंड घट्ट धरला आणि म्हणाली, "पाय उचलू नको. पाय ओढत चाल. उचलला का पाणी नेते."

हे मीच तिला शिकवलं होतं. शाळेच्या वाटेवर नाला होता, पावसाळ्यात त्याला पाणी यायचं, तेव्हा ती पाच वर्षांची होती आणि माझ्या कमरेला धरून रडत होती. तेव्हा मी पुढे होते.

पाय ओढत ओढत आम्ही किनाऱ्याला लागलो. वळून पाहिलं तर आमची वाट कुठे होती तेही सांगता येत नव्हतं. सासूबाईंनी वांग्यांची पिशवी ह्यांच्या खांद्यावरून उतरवली आणि कालवंवालीच्या हातात दिली. ह्यांनी तोंड उघडलं, "अवं आई, ती सिस्टरसाठी—"

"गप रे. जीव इनं वाचवला का तुह्या सिस्टरनं?"

टपरीवाला जेवायला गेलेला, कोरडे कपडे बॅगेसकट त्याच्या टपरीत बंद. पाऊण वाजता आम्ही दवाखान्याच्या बाकावर ओळीनं बसलो होतो, चौघांच्याही कपड्यांतून पाणी गळत. बरोबर दोन वाजता दार उघडलं. मोठ्या सिस्टरनं पोरीला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग फरशीवरच्या डबक्याकडे, मग कोरड्या फाईलकडे.

"भरतीत सापडलात?"

"हो," पोरगी म्हणाली.

"पहिल्याच दिवशी! आमच्याकडे लोकांना वर्ष लागतं." आणि ती हसत तिला आत घेऊन गेली.

संध्याकाळी पोरीची खोली पाहिली. खिडकीला जाळी होती, नळाला पाणी होतं, सोबतची मुलगी नीट बोलत होती. नावं ठेवायला काही सापडलं नाही, शोधलं मी. निघताना पोरगी एसटीपर्यंत आली.

"आई, तू काही बोललीच नाई."

"काय बोलू?"

"राहू का?"

आता बघा, एवढं बोलायचं होतं. हो म्हणायचं होतं, जा म्हणायचं होतं. समुद्रात हात वर धरून राहिलेल्या मला ते एक अक्षर तोंडातून काढता येईना. मी म्हटलं, "वांग्याले पाणी देणं हाय, गाडी चुकन," आणि एसटीत चढले. खिडकीतून पाहिलं नाही. सासूबाईंनी पाहिलं, हात हलवला, आणि मग कारंज्यापर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत.

याला आता वर्ष होत आलं. मोटरच्या स्टार्टरजवळ एक कॅलेंडर टांगलेलं आहे. पूर्वी त्यावर पाळीच्या तारखा असायच्या. आता रोज सकाळी मी तिथी पाहते, सासूबाई शेतातल्या खाटेवरून पाऊणकी म्हणतात, आणि मी पेन्सिलीनं वेळ लिहिते. आमच्या शेतापासून समुद्र सातशे किलोमीटर तरी असेल. शेजारणीनं विचारलं, ही कशाची वेळ? म्हटलं, भरतीची. तिनं माझ्याकडे नीट पाहून घेतलं आणि विषय बदलला. मग मी पोरीला फोन करते. आज दशमी, साडेसातला भरती, खडकावर जाऊ नको. आज तृतीया, सव्वादोनला, संभाळ. ती म्हणते, आई, मी वॉर्डात आहे, इथे कुठला समुद्र? पण फोन उचलते.

परवा मी सांगून झाल्यावर ती म्हणाली, "आई, तू मले रोज भरतीच सांगतं. ओहोटी कधी हाय, ते कोण सांगन?"

"ओहोटी कायले पाह्यजे?"

"आज सुट्टी हाय. सोबतच्या पोरींसंगं बेटावर जावं म्हणून राह्यलो. मळा करतो तठी, तुमच्यासारखा."

पहिल्यांदा मला रागच आला. त्या बेटावर परत? मी मेथीला पाणी देत होते, दांड हातानंच बुजवला आणि उभी राहिले. सासूबाई खाटेवरून पाहत होत्या. त्यांना ऐकू कमी येतं म्हणतात, पण हवं ते सगळं ऐकू येतं.

"एकादशी आज," मी म्हटलं. "भरती रातच्या सव्वाआठले. त्यातून सहा तास मागं ये. सव्वादोनले वाट मोकळी असन."

"म्हणजे?"

"म्हणजे एक वाजता निंघा. साडेतीनच्या आत परत. पाय ओढत चाल."

"म्हणजे जाऊ ना?"

ओंजळभर चिखल माझ्या हातात तसाच होता.

"जा," मी म्हटलं.